राजमा डाळवर्गीय, मग त्याला युरिया कशाला?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "राजमा पिवळा पडलाय रे. दुकानदारानं दोन फवारे दिले, काडीचा फरक नाही. एकदा येऊन बघून जा."

मामांचं रान धाराशिव जिल्ह्यात. काळी जमीन, बोअरचं बेताचं पाणी. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच हरभरा बाजूला ठेवून दोन एकर राजमा पेरला होता. बांधाच्या अलीकडे तो राजमा, पलीकडे चुलतभावाचा हरभरा. माती एक, पाऊस एक, पेरणीत चार दिवसांचा फरक. तरी पलीकडे हिरवंगार आणि अलीकडे सगळं पिकल्या लिंबासारखं.

मी दोन्हीकडचं एकेक झाड खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट उकरलं, बादलीत मुळं हलवून हलवून धुतली आणि दोन्ही झाडं मामांच्या हातात दिली. हरभऱ्याच्या मुळांना गाठी लगडलेल्या. काही मोहरीएवढ्या, काही तुरीएवढ्या, एकमेकींना चिकटून झालेले गुच्छ. एक गाठ नखानं फोडली तर आतून लालसर गुलाबी. राजम्याची मुळं मात्र पांढरी स्वच्छ, गाठीचं नाव नाही.

"म्हणजे मुळं तर निरोगी आहेत की याची," मामा म्हणाले.

मुळं निरोगीच होती. झाड उपाशी होतं.

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत रब्बीत राजम्याचा पेरा वाढतोय. त्याला कारणंही आहेत. हरभऱ्यापेक्षा लवकर रान मोकळं होतं, बाजारात बऱ्याचदा हरभऱ्यापेक्षा बरा भाव मिळतो, आणि हरभऱ्यावरच्या मर रोगानं नि घाटेअळीनं माणूस कंटाळलेला असतो. पण डिसेंबर उजाडला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिवळ्या राजम्याचे फोटो फिरू लागतात. खाली एकच प्रश्न असतो : हरभऱ्याला देतो तेवढं खत दिलं, मग याला झालं काय? झालं ते हेच, की हरभऱ्याला देतो तेवढंच दिलं. ते का पुरत नाही, हे या लेखात मुळापासून बघू.

राजमा म्हणजे नक्की कोण?

आधी नावांचा गुंता सोडवू. मुंबईत जिला फरसबी म्हणतात आणि पुण्या-साताऱ्याकडे श्रावण घेवडा, ती कोवळी शेंग आणि वाळलेला राजमा या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. शेंग कोवळी तोडली की भाजी, झाडावर वाळू दिली की कडधान्य. दोन्हींसाठी वाण वेगळे, पण कूळ एकच. (घेवडा हा शब्द आपल्याकडे वालाच्या शेंगांनाही लावतात. बी विकत घेताना यावरून गोंधळ होतो, तेव्हा नमुना हातात घेऊन बघावा.)

महाराष्ट्राला हे पीक नवं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा खरिपात घेतात. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'वरुण' हा लवकर येणारा वाणही शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. नवं आहे ते एवढंच, की ज्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या रब्बीत ज्वारी नि हरभरा होता, तिथे आता राजमा आला आहे.

आणि तो फार लांबून आला आहे. राजम्याचं मूळ मेक्सिको-मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. या दोन ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी माणसानं तो वेगवेगळा माणसाळवला. कोलंबसानंतर युरोपीय जहाजांतून तो जगभर पसरला. आपल्या देशात त्याला मानवले ते डोंगर. जम्मूतलं भदरवाह, उत्तराखंडातलं मुनस्यारी इथल्या राजम्याला आज भौगोलिक मानांकन आहे. मैदानी भागातल्या हिवाळ्यात तो घेता यावा म्हणून बनारस हिंदू विद्यापीठानं आणि कानपूरच्या कडधान्य संशोधन संस्थेनं वेगळे वाण काढले, ते नंतर. थोडक्यात, हे पीक आपल्या मातीत पाहुणं आहे. पुढचं सगळं यावरच बेतलेलं आहे.

हवेतला नत्र आणि कोयता

पिकाला पानं, खोड, दाणा, काहीही करायचं तर नत्र लागतो. नत्र म्हणजे नायट्रोजन. गंमत अशी की आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे. झाड त्यात बुडालेलं असतं, तरी त्याला त्यातला कणभरही थेट घेता येत नाही.

नारळाच्या बागेत उभ्या असलेल्या, पण हातात कोयता नसलेल्या माणसाची कल्पना करा. खाणं-पिणं दोन्ही डोक्यावर लटकतंय, उपयोग शून्य. हवेतल्या नत्राचे अणू जोडीजोडीनं इतके घट्ट चिकटलेले असतात की ती जोडी फोडल्याशिवाय झाडाला तो पचत नाही. युरियाच्या कारखान्यात ती फोडायला प्रचंड उष्णता आणि दाब लागतो.

मातीतल्या काही जिवाणूंकडे मात्र हा कोयता उपजतच असतो. त्यांना रायझोबियम म्हणतात. हे जिवाणू डाळवर्गीय पिकांच्या मुळांत शिरतात, तिथे गाठी होतात, आणि त्या गाठींत बसून ते हवेतला नत्र फोडून झाडाला देतात. झाड बदल्यात त्यांना साखर देतं. पानांनी उन्हात बनवलेली साखर मुळांपर्यंत उतरते, तिकडून नत्र वर चढतो. या देवघेवीला शास्त्रात सहजीवी नत्र स्थिरीकरण म्हणतात. एकदा नाव सांगून ठेवलं, यापुढे मी त्याला 'घरचा डबा' म्हणणार आहे.

गाठ आतून गुलाबी का होती, तेही यातच येतं. नत्र फोडण्याचं काम प्राणवायू वाढला की बंद पडतं, पण जिवाणूंना जगायला प्राणवायू तर हवाच. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच एक लाल पदार्थ तयार होतो आणि तो प्राणवायू मोजूनमापून पोचवतो. गाठ गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी, हिरवट किंवा करडी म्हणजे काम अजून सुरू नाही किंवा थांबलेलं. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, अंगठ्याचं नख पुरतं.

मग राजम्याला घरचा डबा का येत नाही?

कारण हे जिवाणू कुणाशीही घरोबा करत नाहीत. त्यांची निवड फार काटेकोर असते. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, भुईमुगाचा वेगळा. मूळ मातीत एक रासायनिक हाक सोडतं, आणि ज्या जिवाणूला ती हाक ओळखू येते तोच उत्तर देतो. हरभरा आपल्या मातीत हजारो वर्षं आहे. त्याची हाक ओळखणारे आपल्या रानांत बहुतेक ठिकाणी आधीपासूनच हजर असतात.

राजमा इथे आला, पण त्याचे जोडीदार त्या मानानं आले नाहीत. गावाकडून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराचं जे होतं तेच त्याचं झालं. घरी असताना आई डबा भरून द्यायची. पुण्यात डबा येत नाही, म्हणजे खानावळ लावावी लागते. पोरगं आळशी नाही, त्याच्यात खोट नाही. फक्त त्याच्या जेवणाची सोय पैसे भरून करावी लागते, आणि ती सोय कुणी केली नाही तर ते वाळतं.

राजम्याचा आणखी एक स्वभाव आहे. त्याच्या मायदेशात, जोडीदार हजर असतानाही, तो कडधान्यांमध्ये नत्र मिळवण्यात मागेच असतो. त्याचं आयुष्यच छोटं. गाठी धरून कामाला लागेपर्यंत पहिले तीन-चार आठवडे जातात. तुरीसारखं सहा महिन्यांचं पीक तेवढा उशीर सहज भरून काढतं. अडीच-तीन महिन्यांत संपणाऱ्या पिकाला तो परवडत नाही, कारण गाठी भरात येतात न येतात तोच फुलं-शेंगा साखर ओढून घेऊ लागतात आणि गाठींचा रोजमुरा तुटतो.

म्हणून कृषी शिफारशींत रब्बी राजम्याचा नत्र हरभऱ्यासारखा लिहिलेला नसतो. तो जवळजवळ गव्हाच्या ओळीला जाऊन बसतो. हरभऱ्याला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरतो. राजम्याला ९० ते १२० किलो लागतो.

गोण्यांचा हिशोब

हेक्टर आणि किलो कागदावर ठीक. रानात आपण एकर आणि गोणी मोजतो, तेव्हा त्याच भाषेत बघू.

डीएपी या खताच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र.

हरभऱ्याला एकरी ८ ते १० किलो नत्र हवा. पेरणीसोबत डीएपीची एक गोणी टाकली की ९ किलो झाला. म्हणजे त्या एका गोणीत हरभऱ्याचं काम भागलं, उरलेलं गाठी बघून घेतात. आपल्याकडे 'एकरी एक डीएपी' ही जी सवय पडली आहे ती हरभऱ्यासाठी अगदी योग्य आहे.

राजम्याला एकरी सुमारे ४० किलो हवा. तीच एक गोणी टाकली तर ९ मिळाला, ३१ किलो कमी पडला. मामांच्या रानात हेच झालं होतं. पहिले पंचवीस-तीस दिवस झाड दाण्यातल्या शिदोरीवर आणि त्या ९ किलोवर हिरवं राहिलं. मग शिदोरी संपली.

भागवायचं कसं? पेरणीला डीएपीची एक गोणी आणि युरियाची अर्धी. मग २५ दिवसांच्या आसपास, पहिल्या पाण्याच्या वेळी, युरियाची एक पूर्ण गोणी. बेरीज : ९ अधिक १० अधिक २०.७, म्हणजे चाळिशीला पोचलो. स्फुरदही शिफारशीएवढा, एकरी २४ किलोच्या आसपास झाला. माती परीक्षणात नत्र बरा निघाला किंवा शेणखत भरपूर पडलं असेल तर युरिया त्या मानानं कमी करावा.

सगळा नत्र पेरणीलाच दिला तर दोन तोटे होतात. एक, खानावळीचे पैसे वर्षाचे एकदम भरले आणि पहिल्याच महिन्यात उडाले, तसं. छोट्या रोपाला एवढा घेता येत नाही, पाण्याबरोबर तो खाली झिरपतो, थोडा हवेत उडतो. दुसरा तोटा जास्त वाईट. राजम्याचं बी खताशी लागलं तर कोंब जळतो. खत बियाच्या खाली आणि बाजूला पडलं पाहिजे. बी-खत एकाच नळ्यानं सोडणाऱ्यांनी निदान युरिया तरी त्यात मिसळू नये, तो आधी जमिनीत मिसळून घ्यावा.

युरियाच्या गोणीला साधारण २६६ रुपये पडतात. म्हणजे दीड गोणीचे चारशे. मामांनी त्या दोन फवाऱ्यांना याच्या कितीतरी पट पैसे मोजले होते. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं, कारण एवढी माहिती वेळेवर त्यांच्या कानावर घालणं हे माझंच काम होतं.

"पण जिवाणूंचं पाकीट चोळलं होतं की!"

ही शंका रास्त आहे. मामांनीही बियाण्याला जिवाणू संवर्धकाचं पाकीट चोळलं होतं. पाकीट हरभऱ्याचं होतं. वर सांगितलेली काटेकोर निवड इथे आडवी येते. हरभऱ्याचे जिवाणू राजम्याच्या मुळाशी असले काय नि नसले काय, सारखंच. पाकिटावर पिकाचं नाव वाचायची सवय लावून घ्यावी. 'सर्व कडधान्यांसाठी' असं छापलेलं पाकीट राजम्यासाठी घेऊ नये.

राजम्याचे म्हणून खास जिवाणू असतात का? असतात. ब्राझीलमध्ये घेवड्याच्या पिकाला 'सीआयएटी ८९९' या जातीचं संवर्धक वापरतात. ती जात कोलंबियातल्या मातीतून मिळालेली. आपल्याकडे भारतीय शास्त्रज्ञांनीही असे प्रयत्न केले आहेत, पण मैदानी भागातल्या रब्बीत पाकिटावर भरवसा ठेवून नत्र कमी करावा, अशी स्थिती अजून नाही. राजम्याचं खात्रीचं संवर्धक मिळालं तर दोन सऱ्यांना जरूर लावून बघा, चाळिसाव्या दिवशी मुळं धुऊन गाठी मोजा. पण युरिया त्या गाठी डोळ्यांनी बघितल्यावरच कमी करा.

"मागच्या सोयाबीनचा नत्र रानात असेलच ना?"

थोडासा असतो, आपण समजतो तितका नाही. सोयाबीन गाठींतून नत्र कमावतं खरं, पण त्याचा दाणा इतका प्रथिनांचा, की कमावलेल्यातला बहुतेक दाण्यात भरून पोत्यात जातो. रानात उरतात पाला, मुळं आणि भुसकट. ते भुसकटही आपण गंजी लावून विकलं किंवा पेटवलं, तर शिल्लक काय राहणार? भुसकट रानात पसरलं असेल तर थोडी मदत होईल. त्याच्या जिवावर ३१ किलोची तूट भरत नाही.

"एवढा युरिया पडला तर पीक माजणार नाही का?"

माजेल, जर चाळीसऐवजी साठ-सत्तर किलो पडला तर. मग पाला दाट होतो, बुडाला हवा खेळत नाही, बुरशी येते, फुलं कमी लागतात आणि झाड लोळतं. दुसऱ्या हप्त्यानं हिरवेपणा आला की लोक खुशीत येऊन तिसरा देतात. तो देऊ नये. फुलं लागल्यावर जमिनीतून युरिया देण्यात फारसं हशील नाही.

पिवळा दिसला की युरियाच का?

नाही, आणि इथे जरा थांबून बघायला हवं. राजमा तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी पिवळा पडतो आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. फोटो पाठवण्याआधी झाडापाशी खाली बसावं आणि एकच बघावं : आधी कुठलं पान पिवळं पडलं? बुडाचं की शेंड्याचं?

बुडाची जुनी पानं आधी, एकसारखी पिवळी पडत वर चढत असतील, तर नत्र कमी आहे. नत्र झाडात फिरता असतो. तंगी आली की झाड म्हाताऱ्या पानांतला काढून कोवळ्यांना देतं. घरात दूध कमी पडलं की मोठी माणसं चहा कोरा घेतात आणि दूध लेकराला ठेवतात, तसंच.

शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्याच असतील, तर लोह कमी आहे. लोह झाडात असं फिरत नाही, म्हणून उपाशी राहतं ते कोवळं पान. चुनखडीच्या रानात हे फार दिसतं. तिथे युरिया टाकून काही होत नाही, फेरस सल्फेटची अर्ध्या टक्क्याची फवारणी लागते.

पानावर फिकट-गडद ठिगळं, पान सुरकुतलेलं, काठ खाली वळलेले, झाड खुजं आणि अशी झाडं रानात इकडेतिकडे विखुरलेली असतील, तर तो विषाणू, म्हणजे मोझॅक. तो बियातून येतो आणि मावा त्याला पसरवतो. झाड उपटून टाकणं एवढंच हातात असतं. अशा रानातलं बी पुढच्या वर्षाला ठेवू नये.

आणि रानाच्या सखल कोपऱ्यातलीच झाडं पिवळी असतील तर पाणी साचलंय. मुळं गुदमरली आहेत.

मामांच्या रानात बुडाची पानं पिवळी होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी युरिया दिला, वर पाणी दिलं. आठवड्यात रंग पालटला. पण उशीर झाला होता. फांद्या फुटायचे दिवस निघून गेले होते आणि झाडं गुडघ्याच्या खालीच राहिली. हिरवेपणा परत आला, उतारा आला नाही.

हरभऱ्याच्या सवयी आणखी कुठे नडतात?

पेरणीच्या खोलीत. हरभरा उगवतो तेव्हा त्याच्या दाण्याच्या दोन्ही डाळी मातीतच राहतात, वर येतो तो फक्त बारीक कोंब. म्हणून तो ओलीला धरून ८-१० सेंटिमीटर खोल पेरला तरी चालतो. राजम्याच्या दोन्ही डाळी मान वाकवून माती फोडत वर येतात. खोल पडलं किंवा पेरणीनंतर पाऊस होऊन वर पापुद्रा धरला, तर ती मानच मोडते. चार-पाच सेंटिमीटर पुरे. तिफण असो की ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र, खोली बदलून घेतल्याशिवाय रानात उतरू नये.

बियाण्याच्या मापातही तेच. एकरी किती किलो याचं एकच उत्तर नाही, कारण दाणा लहान-मोठा असतो. शंभर दाणे मोजा, सोनाराकडच्या काट्यावर वजन करा. एकरी साधारण सव्वा लाख झाडं धरली तर शंभर दाण्यांचं वजन ४० ग्रॅम भरणाऱ्या राजम्याला ५० किलोच्या आसपास बी लागेल, २५ ग्रॅमवाल्याला तीसेक किलो. आणि पोती आपटू नयेत. राजम्याचं बी आतून चटकन तडकतं. वरून धड दिसतं, उगवताना शेंडाच नसतो.

पाण्याचा फरक सगळ्यात मोठा. हरभऱ्याचं सोटमूळ काळ्या रानात खोल जाऊन साठलेली ओल शोधतं, एखाद्या पाण्यावरही तो निघतो. राजम्याची मुळं वरच्या वीतभर थरातच जास्त पसरतात. पहिलं पाणी पंचविसाव्या दिवसाच्या आसपास चुकलं तर फटका बसतोच. फुलं आणि दाणे भरण्याच्या वेळेसही पाणी लागतं. तेही थोडं थोडं आणि वेळेवर, कारण साचलेलं त्याला सोसत नाही. हमखास तीन-चार पाण्याची सोय नसेल तर हरभराच पेरावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

बोअरचं पाणी मचूळ असेल तर आणखी विचार करा. पाण्या-मातीतले क्षार विद्युतवाहकतेवर मोजतात, त्याला प्रयोगशाळेत ईसी म्हणतात. मातीचा ईसी ६ होईपर्यंत गव्हाचा उतारा घटत नाही. राजम्याचा १ च्या पुढे गेला की घटू लागतो. पिकांमध्ये इतकं नाजूक पीक क्वचितच असेल.

थंडीचंही तसंच. फुलं लागताना दिवसाचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात, आणि कडाक्याच्या थंडीत दव गोठलं की झाड काळं पडतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतची पेरणी या दोन्हींच्या मधून वाट काढते. कापूस निघायची वाट बघत डिसेंबरात पेरलेला राजमा फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो.

बेवड आणि बाजार

हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे तो निघाल्यावर पुढच्या पिकाला जमीन सुधारलेली मिळते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. राजम्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. राजम्याच्या दाण्यात साधारण २२ टक्के प्रथिनं, म्हणजे क्विंटलमागे साडेतीन किलो नत्र. एकरी ८ क्विंटल झाला तर २८ किलो नत्र पोत्यात बसून बाजारात गेला, आणि तो आला आपण दिलेल्या युरियातून आणि जमिनीतून. म्हणून राजम्यानंतरच्या पिकाचं खत कमी करू नये. कडधान्यानं जमीन सुधारते हा नियम खरा आहे, राजमा त्या नियमात बसत नाही.

बाजाराचंही समजून घ्यायला हवं. केंद्र सरकार तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाच कडधान्यांना हमीभाव जाहीर करतं. राजमा त्यात नाही. राजमा-चावल ही उत्तर भारताची थाळी, म्हणून आपल्या मालाचा खरा गिऱ्हाईक तिकडचा व्यापारी. देशात चीन, इथिओपिया, म्यानमार इथूनही राजमा येतो. तिकडचा माल जास्त आला की इथल्या आडतीवर भाव उतरतो आणि खाली धरायला हमीभाव नसतो. म्हणून सगळं रान एकदम राजम्याखाली घालू नये, निम्मा हरभरा असावा. आणि माल हातात आला की फार दिवस धरून ठेवू नये. उन्हात, दमटपणात पडून राहिलेला राजमा काळवंडतो आणि शिजायला अडतो. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन रंग बघतो आणि तिथेच भाव पाडतो.

काढणी सकाळी दव असताना करावी. दुपारी वाळक्या शेंगा हात लागताच तडकतात.

आणि लेकरांना एक सांगून ठेवा

हरभऱ्याची शेवटची सवय रानातल्या खाण्याची. ढाळे उपटायचे, सोलाणे तोंडात टाकत घरी यायचं. कच्चा हरभरा कुणाला बाधत नाही, त्यामुळे राजम्याच्या रानातही पोरांचा हात सहज शेंगेकडे जातो.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते आतड्याच्या अस्तराला चिकटून त्रास देतं. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात, मग जुलाब. लाल राजम्यात हे प्रथिन सगळ्यात जास्त असतं. शेंग ओली असली तरी त्यातले दाणे कच्चे खाऊ नयेत.

नीट शिजवलं की हे प्रथिन मोडतं आणि भीतीचं कारण उरत नाही. दाणे निदान पाच तास भिजवावे, ते पाणी ओतून द्यावं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावे किंवा कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिट्ट्या कराव्या. चुलीच्या कडेला मंद आचेवर ठेवून अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो.

दुसऱ्या वर्षी मामांनी एकच एकर राजमा पेरला, एक एकर हरभरा. डिसेंबरात मी गेलो तेव्हा त्यांचा नातू राजम्याच्या सरीत बसून शेंग सोलत होता. मामांनी बांधावरूनच आवाज दिला, "ए बाळा, ती ठेव खाली. खायचं असेल तर पलीकडच्या रानात जा." आणि तो उठून हरभऱ्यात शिरला.